साडूने नापास केलेली पुस्तकं

माझा साडू आजवर कधीही चुकलेला नाही, आणि त्याची किंमत घरातल्या प्रत्येकाने मोजली आहे. चुकणाऱ्या माणसांबरोबर जगणं सोपं असतं. ते चुकतात, ओशाळतात, आपण दोन शब्द सुनावतो आणि संध्याकाळी सगळे मिळून चहा पितो. साडूच्या घरी ही सोय नाही. तो बोलतो ते तपासून बोलतो, आणि तपासून बोललेलं दर वेळी खरं निघतं. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्यामुळे चुका शोधणारा माणूस मला नवा नाही. पण आमच्याकडे चुका शोधणाऱ्यालाही अंक वेळेवर छापायला सोडावा लागे. साडूवर तशी सक्ती कधी कुणी केली नाही.

तो मूळचा निपाणीकडचा. बेंगळुरूजवळ होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत वाफेच्या आणि पाण्याच्या नळांना लागणारे व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना आहे, तिथे तो शेवटच्या तपासणीचा प्रमुख आहे. माल खोक्यात बंद होण्याआधी त्याच्याकडे शेवटचं बघायचं, हे त्याचं काम. नियम सोपा आहे. आलेल्या मालातून मूठभर नग उचलायचे, पाण्याच्या दाबाखाली धरायचे, आणि त्यातला एक जरी ठिबकला तरी सगळा माल परत पाठवायचा. बाकीचे नग चांगले असतील, बहुधा असतातच, पण ते बघत बसायचं नाही. कारखान्यात हा नियम योग्य आहे, कारण वाफेचा व्हॉल्व्ह फुटला तर माणूस भाजतो. अडचण एवढीच, की संध्याकाळी व्हाइटफील्डला कंपनीच्या बसमधून उतरताना साडू हा नियम बसमध्ये ठेवून येत नाही. आंब्याच्या पेटीतला एक आंबा डागाळलेला निघाला तर पेटी परत जाते. हॉटेलात कॉफीच्या एका पेल्यावर फेस कमी असला तर टेबलावरच्या सगळ्यांची कॉफी परत जाते, ज्यांनी अर्धी प्यायली त्यांचीसुद्धा. रिक्षात बसण्याआधी तो चाकांतली हवा अंगठ्याने दाबून बघतो, आणि "स्वल्प कमी आहे" असं म्हणून पुढच्या रिक्षाकडे जातो. तोवर आम्ही बाकीचे आत बसलेलो असतो. त्याच्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्याने अंतरपाट धरणाऱ्या दोन काकांना थांबवलं आणि सांगितलं, "डावी बाजू खाली आलीय, जरा समान धरा की ओ." काकांनी समान धरला. पलीकडे वरमाला घेऊन उभी असलेली माझी मेहुणी मंजू तेव्हा हसली होती. ती नंतर इतक्या लवकर हसायची थांबेल, असं त्या मांडवात कुणाला वाटलं नसेल.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. एकदा तो आमच्या जयनगरच्या घरी जेवायला आला होता आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला तो बाहेरच येईना. गॅसच्या नळीला शेगडीमागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, केसाएवढी भेग होती. त्याने सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि नवी नळी येईपर्यंत ओट्यापाशी स्टूल टाकून बसला. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, जेवून तर घ्या." तो म्हणाला, "तुम्ही जेवा. माझं लक्ष इकडं आहे." आमचं घर जागेवर आहे, त्याला त्याची ही खोड कारण आहे. त्यामुळे त्याच्यावर पुरतं चिडायची मुभा आम्हाला नाही, आणि ही त्याच्याबद्दलची सगळ्यात त्रासदायक गोष्ट आहे.

त्याची मुलगी पूर्वा पाचवीत होती तोवर सगळं ठीक चाललं होतं. वार्षिक परीक्षेत विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला: ताटलीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती उभी करून वर काचेचा पेला उपडा ठेवला, तर मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं, ते का? पुस्तकातलं उत्तर होतं की प्राणवायू जळून संपतो आणि त्याची जागा पाणी घेतं. पूर्वाने लिहिलं की ज्योतीने तापलेली हवा फुगून पेल्याच्या कडेने बाहेर पडते आणि उरलेली हवा गार होऊन आकसली की पाणी वर येतं. हे तिला बापाने स्वयंपाकघरात करून दाखवलं होतं. पाणी खरं चढतं ते ज्योत विझल्यावर, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. बाईंनी उत्तरावर फुली मारली. साडू अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेला आणि बरोबर मेणबत्ती, ताटली आणि पेला घेऊन गेला. मुख्याध्यापक बाईंनी प्रयोग शांतपणे पाहिला. त्या म्हणाल्या, तुमचं खरं असेल, पण मार्क पुस्तकाप्रमाणे मिळतात. साडू म्हणाला, मग पुस्तक बदला. त्या म्हणाल्या, ते आमच्या हातात नाही. "माझ्या हातात आहे की," असं म्हणून त्याने त्याच आठवड्यात मुलीचा दाखला काढला. पूर्वा आता घरी शिकणार होती. दहावीची परीक्षा पुढे बाहेरून देता येते, याची त्याने चौकशी करून ठेवली होती. मंजू त्या वेळी गप्प राहिली. नवरा बरोबर होता, आणि बरोबर माणसाशी भांडायचं कसं हे तिला अजून जमलेलं नव्हतं.

सहावीची पुस्तकं ठरवायची होती. गणिताचं एका दुपारीत ठरलं, कारण गणितात त्याला खोट सापडली नाही. भाषा मंजूवर सोडल्या. इतिहासाचं पुस्तक त्याने चाळलंसुद्धा नाही. "त्यातलं काय तपासणार ओ साडूभाऊ? सगळे मेलेत," तो मला म्हणाला. राहिलं विज्ञान. विज्ञानाचं पुस्तक तो कारखान्याच्या नियमाने निवडणार होता. पुस्तकात जिथे जिथे 'करून पाहा' असं लिहिलेलं असेल तिथे तिथे तो करून पाहणार होता, आणि एक जरी गोष्ट छापल्याप्रमाणे झाली नाही तर सगळं पुस्तक परत.

पहिलं पुस्तक चवळीच्या दाण्यामुळे गेलं. ओल्या कापसात ठेवलेल्या दाण्याला चार दिवसांनी मोड येतील असं त्यात लिहिलं होतं. बेंगळुरूच्या हवेत ते दोन दिवसांत आले. मंजू म्हणाली, "बरं झालं की, लवकर आले." साडू म्हणाला, "लवकर आले म्हणजे चूकच." दुसरं पुस्तक परदेशी होतं, गुळगुळीत कागदाचं. त्यात बशीत पाणी घालून ती सकाळपर्यंत गच्चीवर ठेवायची आणि बर्फाचे स्फटिक बघायचे होते. त्याने बशी ठेवली. सकाळी बशीत पाणी होतं आणि त्यात एक मेलेला डास होता. तिसऱ्यात दिव्याच्या दोन्ही तारा सेलच्या एकाच टोकाला जोडलेल्या दाखवल्या होत्या. चौथ्यात जिभेचा नकाशा होता: गोड टोकाला, कडू मागे, आंबट कडेला. तो नकाशा गौरी जेवल्या त्या दिवशी तपासला गेला. घरात पाहुणे बरेच होते आणि साडूला, त्याच्या शब्दांत, नग हवे होते. त्याने पुरणपोळीच्या आधी सगळ्यांना ओळीने बसवलं, कापसाच्या काडीने प्रत्येकाच्या जिभेवर जागोजागी साखरेचं पाणी, लिंबू आणि कारल्याचा रस लावला आणि "कुठं लागतंय?" असं विचारत गेला. मंजूची म्हातारी आत्या, जिचं अर्धं मराठी कानडीच आहे, जीभ बाहेर काढूनच त्याला दटावत होती आणि त्यातलं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. सगळ्यांना सगळीकडे सगळं लागत होतं. नकाशा खोटा ठरला, चौथं पुस्तक गेलं, आणि आम्ही पुरणपोळी कारल्याच्या चवीवर खाल्ली.

जयनगरात आमच्या घराजवळ शालेय पुस्तकांचं एक जुनं दुकान आहे. साडू तिथे दर शनिवारी येऊ लागला. दुकानदार सुरुवातीला खुर्ची देत असे, पुढे तो साडूला बघितला की आतल्या पोऱ्याला हाक मारून स्वतः जेवायला जात असे. एकदा त्याने मला गाठून विचारलं, "सार, तुमचे पाहुणे इन्स्पेक्टर आहेत का?" मी हो म्हणालो, ते खोटं नव्हतं. "मग सर्टिफिकेट देऊन टाका म्हणावं एखाद्याला," तो म्हणाला, "मुलगी मोठी होईल की."

दुकानदाराला सुचलं ते आम्हाला सुचायला वेळ लागला. साडू प्रत्येक पुस्तक पहिल्या धड्यापासून तपासत असे, मुलीला शेजारी बसवून, कारण तपासणी आणि शिकवणी एकदमच होईल असा त्याचा हिशेब होता. सहावीच्या विज्ञानाचं जवळजवळ प्रत्येक पुस्तक अन्नापासून सुरू होतं. अन्न कुठून येतं, अन्नात काय असतं, कुठला घटक कशाला लागतो. पूर्वा अन्नाचा धडा शिके, आयोडीनचा थेंब बटाट्यावर टाकून तो निळाकाळा झालेला बघे, कागदावर शेंगदाणा चोळून तेलाचा डाग बघे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या धड्यात कुठेतरी पुस्तक नापास होई. मग नवीन पुस्तक, पुन्हा बटाटा. नापास पुस्तकांना साडू चिकटपट्टी गुंडाळून माळ्यावर टाकत असे, म्हणजे चुकून कुणी वाचू नये. "चुकीचं एकदा डोक्यात बसलं की निघत नाही ओ," तो सांगे. "पुस्तक पास झालं की एका दमात सगळं शिकवतो. घाई काय आहे?" इंटरनेटवरच्या शिकवण्यांबद्दल बोलायचीही सोय नव्हती, तिथे माणूस आधी हात हलवतो आणि मग त्याचा आवाज येतो, एवढ्या कारणावरून त्या बाद झाल्या होत्या. एक वर्ष गेलं. सातवीची पुस्तकं आणायचा प्रश्नच नव्हता, कारण सहावीचं पास झालेलं नव्हतं.

त्या काळात पूर्वा आमच्याकडे राहायला आली होती. माझ्या बायकोने तिच्यापुढे उपम्याची बशी ठेवली तेव्हा तिने शांतपणे रव्यात काय, शेंगदाण्यात काय, कोथिंबिरीत काय, असं सगळं सांगितलं. बायकोने कौतुकाने विचारलं, "आणखी काय काय येतं ग तुला?" ती म्हणाली, "एवढंच येतं, मावशी. पण हे खूप चांगलं येतं." मग मला म्हणाली, "काका, आमच्या बिल्डिंगमधल्या मुली म्हणतात, पेशी उघड्या डोळ्यांनी दिसत नाहीत. खरं का?" मी हो म्हणालो. "बाबाला सांगू नका मी विचारलं म्हणून," ती म्हणाली. "त्याला वाईट वाटेल. तो अजून तिथवर पोचायचाय."

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मंजूने नवऱ्याला न सांगता ऑफिसातून रजा घेतली आणि पूर्वाला एका शाळेत आठवीच्या प्रवेशपरीक्षेला बसवलं. निकाल कळल्यावर तिने आम्हा दोघांना रविवारी जेवायला बोलावलं. बोलावणं जेवणाचं होतं, पण तिला साक्षीदार हवे होते, हे दारातच तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

पहिला भात झाल्यावर ती म्हणाली, "अहो, पूर्वाला शाळेत घेतायत."

साडूचा हात ताटातच थांबला. "कुठल्या शाळेत?"

"पलीकडच्या कॉलनीतल्या. आठवीची परीक्षा दिली तिने. सहावीत घेतो म्हणाले."

"सहावीत? हिला?" साडू खरोखर चकित झाला होता. "हिला कोण नापास करतं ओ?"

"पहिला प्रश्न अन्नाचा होता. त्याचं उत्तर लिहिता लिहिता पुरवण्या घेतल्या तिने. बाई म्हणाल्या, असं उत्तर आमच्याकडे आजवर कुणी लिहिलेलं नाही. मग प्रकाश, वीज, पेशी, हवा. सगळं कोरं."

साडूने ताटातली शितं बोटाने एका बाजूला सारली. आता तो काहीतरी कबूल करेल असं मला वाटलं. त्याने मान वर केली आणि विचारलं, "पेपर कुठल्या पुस्तकावरून काढलेला?"

"अय्यो देवा," मंजू म्हणाली. तिने वरणाची पळी भांड्यात सोडली आणि ती माझ्या बायकोकडे वळली. "अक्का, ऐकलंस? मी हेच म्हणत होते तुला. तुम्ही बरोबर आहात हो. चवळी चूक, बर्फ चूक, जिभेचा नकाशा चूक, बाई चूक. सगळं सरी, सगळं मान्य. पण तुम्ही बरोबर असताना तिची दोन वर्षं गेली, ती कुणाच्या मालात धरायची?"

"मी तिला चुकीचं शिकवलं का?" साडूचा आवाज चढला होता. "एक शब्द तरी चुकीचा आहे का तिच्या डोक्यात? दाखव मला!"

"शब्दच नाहीत हो डोक्यात!"

"भाऊजी, मंजू, जेवा की आधी," माझी बायको म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तेव्हा पूर्वा बोलली. ती रडत नव्हती. बापाशी बोलताना ती नेहमी थोडी जपून बोलते, तशीच बोलली. "बाबा, मला चुका असलेलं पुस्तक चालेल. पण शेवटपर्यंतचं पाहिजे."

"पुस्तकं शेवटपर्यंत असतातच की ग बाळा," साडू म्हणाला.

"असतील," ती म्हणाली. "तू मला दाखवलं नाहीस."

साडूने उरलेला भात खाल्ला नाही आणि परतही केला नाही. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला, "गणवेश कुठला आहे?"

पूर्वा जूनमध्ये सहावीत बसली. वर्गाच्या फोटोत ती मागच्या रांगेत आहे, बाकीच्यांपेक्षा खांदाभर उंच. बाकं लहान पडतात म्हणून ती पाय बाजूला काढून बसते. वर्गातली मुलं तिला अक्का म्हणतात. त्यांचा त्यात वाईट हेतू नाही. वयाने मोठ्या मुलीला इथे तसंच म्हणतात. तिने हे आम्हाला हसत सांगितलं आणि मग विषय बदलला. शाळेत जाण्याआधी तिने बापाला एक अट घातली होती: विज्ञानाचं पुस्तक उघडायचं नाही. साडू "सरी" म्हणाला. त्याने त्या पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, चारही कोपरे काटकोनात दुमडले, आणि हे सगळं पुस्तक मिटलेलं ठेवून केलं.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मंजू अजून ऑफिसातून यायची होती. साडू पुढच्या खोलीत बसला होता आणि आतल्या खोलीत, दाराआड, पूर्वा परीक्षेचं पाठ करत होती. आरशात वस्तूची डावी बाजू उजवीकडे आणि उजवी डावीकडे जाते, असं एक वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. साडूने एकदा आपला उजवा हात वर केला, समोरच्या भिंतीकडे आरसा असल्यासारखा बघितला, आणि हात खाली घेतला. वाक्य बरोबर नाही, हे मलाही त्याच्या हाताकडे बघून कळलं. उजवा हात उजवीकडेच राहतो. उलटतं ते पुढचं आणि मागचं. त्याचे ओठ हलले. खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर आला होता आणि त्याच्या पंपाची घरघर घरभर भरली होती. साडू उठला. तो आतल्या दाराकडे जाणार असं मला वाटलं आणि मी त्याला अडवायला अर्धा उभाही राहिलो. तो खिडकीपाशी गेला, काच ओढून घेतली, कडी नीट बसली का ते बोटाने दाबून बघितलं, आणि परत येऊन बसला. आता आतला आवाज स्वच्छ ऐकू येत होता, चुकीसकट.

"बारावा धडा आहे, साडूभाऊ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "इथवर आम्ही कधी आलोच नव्हतो."